पाच हजार सूर्यांएवढी ज्वारी

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात पोवई नाक्यावर भाजी घेत होते. त्याचा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या फोटोंचा. "ताई, डिस्क मोकळी दाखवतीय गं. चार सीझनची लग्नं गेली!"

झालं होतं असं की एक गिऱ्हाईक प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन आलं. त्यातनं व्हायरस आला आणि सगळ्या फोल्डरांच्या जागी एकेक केबीचे शॉर्टकट उभे राहिले. हा व्हायरस जुना आणि तसा गरीब. खरे फोल्डर तो नुसते लपवून ठेवतो. काळ्या खिडकीत एक ओळीची आज्ञा दिली की ते निमूट बाहेर येतात. पण शेजारच्या शहाण्याने सांगितलं, "फॉरमॅट मार, व्हायरस जाईल." याने मारला. व्हायरस गेला, आणि त्याच्याबरोबर चाळीस हजार फोटोही गेले.

"डिस्क काढून कपाटात ठेव," मी म्हटलं. "तिच्यावर एकही नवीन फोटो टाकू नकोस. रविवारी येते." आणि वांगी पिशवीत टाकता टाकता माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले. तेव्हापासून ते थांबलेले नाहीत, म्हणून तुम्हालाही बरोबर घेते.

त्याची डिस्क एक टेराबाइटची. शर्टाच्या खिशात मावते. टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट, म्हणजे एक लाख कोटी. हा आकडा कानावरून नुसता घरंगळून जातो, म्हणून आपण त्याचं पाणी करू. एका बाइटला एक लिटर पाणी धरा. कोयना धरण काठोकाठ भरलं की 105 टीएमसी, म्हणजे जवळजवळ तीन लाख कोटी लिटर. म्हणजे तीन टेराबाइटची डिस्क घेतलीत तर अख्खं कोयना तुमच्या खिशात! आमच्या मामेभावाच्या हातात एक तृतीयांश कोयना होतं. तो ते कॅमेऱ्याच्या बॅगेत, चुरमुऱ्याच्या पुडीशेजारी ठेवायचा.

धरण फार मोठं वाटत असेल तर विहिरीने मोजा. साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे, अठराव्या शतकातली. एकावेळी बारा मोटा चालायच्या. खोली 110 फूट, व्यास 50 फूट. ढोबळ हिशेबाने ती 60 लाख लिटरची भरते. उत्तम कॅमेऱ्याचा एक चांगला फोटो 25 एमबीचा धरला, तर अडीच कोटी लिटर झाले. नवरीने हार हातात धरून डोळे मिटलेले असतानाचा एक फसलेला फोटो म्हणजे बारामोटेच्या चार विहिरी! असे चाळीस हजार. लिंबच्या त्या विहिरीसारख्या एक लाख साठ हजारांवर विहिरी, आणि वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर.

उलट दिशेनेही बघा. संगणकात मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी. 'सातारा' लिहिलंत की तीन अक्षरं, तीन काने, 18 बाइट. 'सांगली' लिहा, तीही बरोबर 18. एकेक मोठी बादली. दोन्ही जिल्ह्यांत कमीजास्त नको म्हणून कुणी मुद्दाम मापून दिल्यासारखं! मधलं गाव मात्र भानगडीचं. 'कराड' लिहाल तर 12 लिटर, 'कऱ्हाड' लिहाल तर 18. त्या वादात किती पाणी वाहून गेलं ते यावरून समजून घ्यावं.

आता रविवारचं काम. फॉरमॅट मारल्यावर एक लाख साठ हजार विहिरींचं पाणी गेलं कुठे?

कुठेही नाही! गंमत हीच आहे. डिस्कवर माहिती 512 बाइटांच्या खोल्यांत भरलेली असते. आपल्या मापात गच्चीवरची पाचशे लिटरची एकेक टाकी. एक टेराबाइटमध्ये अशा टाक्या किती? 195 कोटी! भारताच्या लोकसंख्येला माणशी एक टाकी वाटली तरी पन्नास कोटी टाक्या शिल्लक. कोणत्या टाकीत कोणत्या लग्नाचं पाणी, हे लिहून ठेवायला डिस्कच्या एका कोपऱ्यात एक वही असते, आपल्या गल्लीतल्या पाणी सोडणाऱ्याकडे असावी तशी. वहीत प्रत्येक फाइलची नोंद साधारण एक केबीची. चाळीस हजार फोटोंची वही म्हणजे चार कोटी लिटर, सात विहिरी. झटपट फॉरमॅट ही वही कोरी करतो. एक लाख साठ हजार विहिरींपैकी सात विहिरींना धक्का लागला आणि आमच्या भावाने कपाळावर हात मारला. उरलेलं सगळं जिथल्या तिथे होतं! म्हणूनच नवीन फोटो टाकू नको म्हणून सांगितलं होतं, कारण कोरी वही बघून संगणक कुठल्याही भरल्या टाकीत नवं पाणी ओततो, आणि मग जुनं कायमचं जातं.

फाइल परत आणायचं सॉफ्टवेअर वहीकडे बघतच नाही. ते 195 कोटी टाक्यांची झाकणं एकेक करून उघडतं आणि आत डोकावतं. जेपीईजी फोटोची सुरुवात 255, 216, 255 या तीन आकड्यांनी होते, प्रत्येक फोटोची, जगात कुठेही काढलेल्या. ते तीन आकडे दिसले की इथे फोटो सुरू झाला. एवढ्याच खुणेवर चार सीझनची लग्नं उभी करायची.

माणसाने एका सेकंदाला एक बाइट वाचायचा ठरवला तर ही डिस्क वाचायला 31 हजार 700 वर्षं लागतील. आज संपवायची म्हटली तर हिमयुगात, गुहेत बसून वाचायला सुरुवात करायला हवी होती. डिस्क किती वेळात वाचते? सेकंदाला दहा कोटी बाइट या बेताने दोन तास 47 मिनिटं. डेक्कन क्वीन पुण्याहून सुटली तर मुंबईला पोचायच्या आत सगळ्या टाक्या बघून झाल्या! भावाचा लॅपटॉप जुना, त्याला रात्र लागली, ते सोडा.

पण हे वाचणं चालतं कसं? आत तबकडी सेकंदाला 90 वेळा फिरते, आणि तिची कड ताशी 66 किलोमीटरने पळते. तिच्यावर जेमतेम मिलिमीटरभराचं वाचणारं टोक तरंगत असतं, न टेकता. मधलं अंतर पाच नॅनोमीटरच्या आसपास. आपला केस याच्या पंधरा हजार पट जाड असतो. हे टोक फुगवून एसटीच्या लाल गाडीएवढं करू, आणि बाकी सगळंही त्याच पटीत वाढवू. काय दिसेल? एक एसटी ताशी साडेआठ लाख किलोमीटर वेगाने निघाली आहे, आणि चाकं रस्त्यापासून एका केसाइतकी वर! सांगलीहून साताऱ्याला अर्ध्या सेकंदात. चंद्रावर 27 मिनिटांत. वाटेत धुळीचा एक कण आला की संपलं. आणि ही गाडी रात्रभर धावते, आपण तिच्याशेजारी चहाचा कप ठेवून झोपतो.

सकाळी फोटो आले. नावं गेलेली, कारण नावं वहीत असतात. नावांच्या जागी नुसते आकडे. तारखा नाहीत, गावं नाहीत. तासगावची हळद, मिरजेचं रिसेप्शन, विट्याची वरात, सगळं एका टोपल्यात ओतल्यासारखं. काही फोटोंत वर अर्धी नवरी आणि खाली सपाट करडा रंग. फॉरमॅटनंतर गडबडीत त्याने एक वाढदिवस या डिस्कवर उतरवून घेतला होता, तो या नवऱ्यांच्या अंगावर पडला होता. बाकीचे निवडायला बसलो. एका फोटोला तीन सेकंद म्हटले तरी 33 तास! मामी मदतीला आली. ती चेहरे बघत नव्हती, शालू बघत होती. सगळ्यांत जास्त लग्नं तिनेच लावली.

व्हायरसशी झगडण्यात सातारकरांचा हात जुना आहे हेही इथेच सांगून टाकते. क्विक हील उभी करणारे कैलास काटकर रहिमतपूरकडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम, पगार महिना 400 रुपये. दुकानात येणाऱ्या संगणकांना व्हायरस लागलेला असायचा. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी तो काढायचे प्रोग्राम लिहिले, आणि 1995 साली त्यातून क्विक हील बाजारात आलं. फेब्रुवारी 2016 मध्ये कंपनीची भागविक्री झाली, 451 कोटी रुपयांची. ते सगळे काही त्यांच्या खिशात गेले नाहीत, पण मला राहवलं नाही, मी भागाकार केला. महिना 400 रुपयांनी 451 कोटी जमवायला नऊ लाख 39 हजार वर्षं लागतात.

इथवर सगळं सुखाचं. भावाचं नशीब की त्याच्याकडे आलेला व्हायरस लपवणारा होता. आताचे कुलूप लावतात.

12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुटला. दीडशे देशांत दोन लाखांवर संगणक त्याने बंद पाडले. पडद्यावर लाल पाटी: 300 डॉलर टाका, नाहीतर फाइल विसरा. तेव्हाच्या भावाने 19 हजार रुपये. आणि त्या व्हायरसचं आकारमान? 37 लाख बाइट. म्हणजे दीडशे देशांना रडवणारं पाणी लिंबच्या त्या एका विहिरीत ओतलं असतं तर विहीर पुरती भरलीही नसती!

तो फाइल पुसत नाही. प्रत्येक फाइलला वेगळं कुलूप घालतो, 128 बिटांचं. चाळीस हजार फोटोंना चाळीस हजार कुलपं. एका कुलपाच्या किती किल्ल्या संभवतात? एकाला दोनने 128 वेळा गुणत गेलं की येतील तेवढ्या. यासाठी आपल्याला सांगलीलाच जावं लागतं, कारण सांगली हे बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या पोरं पटाशी बसवली. बुद्धिबळाच्या पटाची ती जुनी गोष्ट आठवते ना, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार? कुलपासाठी असे दोन पट शेजारी शेजारी मांडा. 128 घरं. आणि दाणे आपले, मालदांडी ज्वारीचे, एकेक 30 मिलिग्रॅमचा.

चला. एकविसाव्या घरात 31 किलो, जेमतेम एक लहान पोतं. अर्धा पट झाला तेव्हा एकूण 128 टन, मार्केट यार्डात तेरा ट्रक उभे. यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिला पट संपला: 18 वर 18 शून्यं इतके दाणे, 55 हजार कोटी टन! दहाटनी ट्रक एकामागे एक लावले तर रांग पन्नास कोटी किलोमीटर. सूर्यापर्यंत जाते, परत येते, पुन्हा सूर्याला पोचते आणि तरी ट्रक उरतात. आणि अजून दुसऱ्या पटाला हातही लावलेला नाही.

दुसऱ्या पटाच्या पहिल्या घरातच पहिल्या अख्ख्या पटाहून एक दाणा जास्त! पुढे प्रत्येक घरात दुप्पट. 99व्या घरात एकट्या घराची ज्वारी पृथ्वीपेक्षा जड. डोंगर, समुद्र, हिमालय, आपण सगळे, या सगळ्यापेक्षा जास्त वजनाची ज्वारी, एका घरात! 117व्या घरात सूर्याहून जड. अजून अकरा घरं बाकी. थांबू नका, दुप्पट, पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट. 128वं घर भरलं. काटा बघा: पाच हजारांवर सूर्यांच्या वजनाची ज्वारी. या सगळ्या राशीत एक दाणा खरा, आणि तो एका फोटोचा. नवरी डोळे मिटून उभी आहे, त्या फोटोचासुद्धा.

शोधायचाच म्हणता? मग जगातल्या 800 कोटी माणसांना एकेक संगणक द्या, प्रत्येकाने सेकंदाला शंभर कोटी दाणे तपासायचे. जेवण नाही, झोप नाही, लोडशेडिंग नाही. सगळी रास संपायला लागतील एक लाख 35 हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय 1380 कोटी. म्हणजे विश्व जन्मून आजवर आलं तसं 98 वेळा यावं लागेल. नशीब बरं असेल तर निम्म्यात काम होईल, 49 वेळा. मग पुढचा फोटो घ्यायचा.

आतली गणितं मी तज्ज्ञांवर सोडते. ती बरोबर आहेत याची खूण एवढीच की गुन्हेगार, बँका आणि सरकारं तिघंही एकाच जातीची कुलपं विश्वासाने वापरतात.

आणि कुलपाची किल्लीच नसेल तर? वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, 27 जून 2017 ला नॉटपेट्या आला. तो पैसे मागायचा, पण पैसे भरूनही फाइल मिळायची सोय त्यात नव्हतीच. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात बुडाली, आणि तिच्याच गोतातलं आपल्या जेएनपीटीतलं टर्मिनल ठप्प झालं. आपले बेदाणे आणि हळद ज्या बंदरातून देशाबाहेर जातात, तेच बंदर. भावाचा एक संगणक साफ करायला आमचा आख्खा रविवार गेला होता. मर्स्कने दहा दिवसांत 45 हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे केले. रात्रंदिवस, दर 19 सेकंदांना एक संगणक. तुम्ही हा परिच्छेद वाचेपर्यंत दोन झाले असते. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरचं, म्हणजे वरच्या टोकाला तेव्हाचे 1900 कोटी रुपये.

तरी ते उभे राहिले ते एका डिस्कवर. कंपनीच्या सगळ्या जाळ्याची वही दीडशेएक संगणकांवर ठेवलेली होती. ते सगळे एकमेकांची नक्कल ठेवायचे, म्हणून सगळे एकदमच पुसले गेले. एक सोडून. तो होता आफ्रिकेत, घानामध्ये. हल्ला झाला त्या वेळी तिथली वीज गेलेली होती! दीडशे यंत्रांत वाचलं ते बंद पडलेलं. आपल्याकडच्या कुठल्याही वायरमनला हे ऐकवा, दिवसभर ताठ मानेने फिरेल.

आता ती वही इंग्लंडला, दुरुस्तीचं काम चाललं होतं तिथे, न्यायची कशी? घानाच्या इंटरनेटवरून पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. मग घानाच्या माणसाने डिस्क उचलली आणि विमानाने नायजेरियात नेली. त्याच्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता म्हणून तिथे दुसऱ्याच्या हातात दिली. दुसऱ्याने ती लंडनला आणली. जगातल्या तेव्हाच्या सगळ्यांत मोठ्या कंटेनर कंपनीचा जीव एका हँडबॅगेत साडेसहा तास होता.

ही गोष्ट मी भावाला सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तुझ्या कपाटात जागा आहे का?"

आता दोन डिस्क आहेत. एक सांगलीत, एक साताऱ्यात माझ्या साड्यांखाली, कशालाही न जोडलेली. वायर नाही, वायफाय नाही. तिला कुलूप घालायचं तर व्हायरसला पोवई नाक्यावर उतरून जिना चढावा लागेल. दर सीझन संपला की तो फोटो भरलेली डिस्क घेऊन एसटीत बसतो आणि माझ्याकडची परत नेतो.

अर्थात मी हाही हिशेब केला. सांगली-सातारा तीन तास धरा, खिशात एक टेराबाइट. म्हणजे आपली लाल गाडी सेकंदाला नऊ कोटी 25 लाख बाइट वाहून आणते. इंटरनेटच्या भाषेत 740 एमबीपीएस. माझ्या घरचं कनेक्शन शंभरचं आहे, आणि कराडच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते ती त्या तीन तासांत धरलेली आहे.